हैदराबादच्या हवेत शॅमेलिऑनचा पिंजरा

शॅमेलिऑन हा शीतरक्ती प्राणी आहे. म्हणजे शरीराची ऊब तो आतून निर्माण करत नाही, तर ऊन हवे असेल तेव्हा फांदीच्या टोकाशी आणि नको असेल तेव्हा पानांच्या दाटीत सरकून ती बाहेरून कमीजास्त करून घेतो. रानात ही निवड त्याला झाडभर मिळते, घरात मात्र ती पाळणाऱ्याने जाळीच्या चार भिंतींत बसवून द्यावी लागते, आणि पिंजऱ्याचे माप, दिवा, पाणी, झाडे यांची सारी चर्चा अखेर या एका गरजेपाशी येऊन ठेपते. वर ऊब आणि खाली गारवा, एका बाजूस मोकळेपणा आणि दुसऱ्या बाजूस आडोसा, पहाटे ओल आणि दुपारी कोरडेपणा असे फरक पिंजऱ्यात असतील, तरच प्राणी आपली प्रकृती आपण सांभाळू शकतो.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन युरोप-अमेरिकेतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असल्याने त्यात ऊब कशी वाढवावी याचाच विचार अधिक असतो. हैदराबादेत प्रश्न बरोबर उलटा आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे ५४० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात मे महिन्यातील दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी असते. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तीच हवा दमट होते. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १४-१५ अंशांपर्यंत, शहराबाहेरच्या उघड्या भागांत कधी कधी त्याहूनही खाली उतरते. एकाच पिंजऱ्याला वर्षभरात तीन वेगळी हवामाने सोसावी लागतात, हे ध्यानात घेऊनच त्याची आखणी करावी.

पिंजऱ्याआधी प्राण्याचा आणि कायद्याचा विचार क्रमप्राप्त आहे. तेलंगण व महाराष्ट्रातील माळांवर, बाभळी-बोरीच्या झुडपांत आणि शेतांच्या कुंपणांवर आढळणारा भारतीय शॅमेलिऑन, ज्याला मराठीत सरडगुहिरा किंवा घोयरा आणि तेलुगूत ऊसरवेल्ली म्हणतात, तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे वा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. रस्ता ओलांडताना तो दिसल्यास जवळच्या झुडपावर जाऊ द्यावा आणि जखमी असल्यास वनविभागाला कळवावे. ‘चार दिवस सांभाळून सोडून देऊ’ हा विचार सद्‌हेतूचा असला, तरी कायद्याला तो मान्य नाही आणि प्राण्यालाही बहुधा मानवत नाही. पाळण्याचा प्रश्न उद्‌भवतो तो केवळ परदेशी जातींबाबत. शॅमेलिऑनच्या सर्व जाती वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परिशिष्टांतील जिवंत प्राण्यांची नोंद आपल्याकडे कायद्याने आवश्यक ठरली आहे. त्यासंबंधीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले असून, त्यांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ या केंद्रीय संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करावा लागतो. विक्रेत्याने प्राण्याच्या उगमाची कागदपत्रे दाखवण्याचे टाळले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. चोरट्या मार्गाने आलेले प्राणी कायद्याच्या दृष्टीने तर जोखमीचे असतातच, शिवाय प्रवासात निर्जलीकरण झालेले व परजीवींनी ग्रासलेलेही असू शकतात.

पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी येमेन व सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागात आढळणारा व्हेल्ड शॅमेलिऑन हा हैदराबादच्या हवेला त्यातल्या त्यात जुळणारा आहे. मादागास्करच्या किनारपट्टीवरील पँथर शॅमेलिऑनला ओलावा अधिक लागतो, तेव्हा त्याच्यासाठी उन्हाळ्यात पाळणाऱ्याला दुप्पट दक्ष राहावे लागते. केनिया-टांझानियाच्या डोंगराळ भागातील, डोक्यावर तीन शिंगे मिरवणारा जॅक्सन शॅमेलिऑन दिसायला मोहक असला, तरी त्याला रात्रीचा कडक गारवा आवश्यक असल्याने या शहरात तो ठेवूच नये, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. पुढील विवेचन मुख्यतः व्हेल्ड जातीच्या प्रौढ प्राण्याला धरून केले आहे.

नराची लांबी शेपटीसह ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत भरते, मादी त्यापेक्षा लहान असते. अशा एका प्राण्याला ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १२० उंच हे पिंजऱ्याचे किमान माप समजावे. उंची कमी करून लांबी वाढवलेला पिंजरा उपयोगाचा नाही, कारण तापमानातील फरक उंचीवरच साधतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. शॅमेलिऑन एकांतप्रिय असून दुसऱ्याचे नुसते दर्शनही त्याला ताण देते, म्हणून दोन पिंजरे समोरासमोर ठेवू नयेत आणि जवळपास आरसाही असू नये. पिंजरा काचेचा की जाळीचा, या प्रश्नाचे हैदराबादपुरते उत्तर सोपे आहे: जाळीचा. बंद काचपेटीत साचलेली गरम, दमट हवा श्वसनमार्गाच्या संसर्गास आमंत्रण देते. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून त्याच सेक्शनची चौकट व स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिकचा लेप दिलेली बारीक जाळी बसवून घेतल्यास पिंजरा टिकाऊ होतो. मच्छरदाणीची नायलॉन जाळी मात्र वापरू नये; तीत नखे अडकून उपटली जातात आणि खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे ती कुरतडून बाहेर पडतात. कापलेल्या जाळीची टोके चौकटीत दाबून घ्यावीत आणि दाराला बाहेरून कडी असावी, कारण घरात मांजर असो वा नसो, बाल्कनीतून ते येऊ शकते.

जागा निवडताना उंचीचे महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. वरून झडप घालणारा पक्षी हा झाडावरील प्राण्याचा जुना शत्रू असल्याने, माणूस त्याच्याकडे वरून पाहत असेल तर शॅमेलिऑन सतत धास्तावलेला राहतो. म्हणून पिंजरा टेबलावर वा घडवंचीवर असा ठेवावा की त्याची सर्वांत वरची फांदी घरातील माणसांच्या डोळ्यांच्या पातळीहून वर येईल. मागील व एखादी बाजूची भिंत पानांनी वा पत्र्याने झाकावी, म्हणजे त्याला पाठीशी आधार वाटतो. पश्चिमेची भिंत, गच्चीलगतची सर्वांत वरची खोली, स्वयंपाकघर व त्यालगतची जागा टाळावी. छताच्या पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ नये. उदबत्ती, लोबान, डास पळवणारी कॉइल यांचा धूर या प्राण्याच्या श्वसनाला घातक असल्याने पिंजऱ्याच्या खोलीत ती लावूच नयेत, आणि सोसायटीत कीटकनाशक फवारणी होणार असेल त्या दिवशी प्राणी दुसरीकडे हलवावा.

पिंजऱ्याच्या आतील रचना म्हणजे खरे तर फांद्यांची रचना होय. शॅमेलिऑनचे पाय चिमट्यासारखे, बोटे दोन गटांत विभागलेली; त्यांना पकडायला करंगळीपासून अंगठ्याच्या जाडीपर्यंतच्या, खडबडीत सालीच्या फांद्या लागतात. चिंच वा जांभूळ यांच्या, औषध न फवारलेल्या झाडांवरच्या वाळक्या फांद्या उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात कडक वाळवून वापराव्यात. गुळगुळीत बांबू निसरडा असल्याने टाळावा. फांद्या आडव्या व तिरप्या बसवून दिव्याखालून तळापर्यंत पायऱ्यांसारखी वाट तयार करावी आणि त्या चौकटीला घट्ट बांधाव्यात. झाडांपैकी जास्वंद, मनी प्लांट, शेफ्लेरा व बारीक पानांचा फायकस ही चांगली. व्हेल्ड जात पाने खाते, आणि जास्वंदीची फुले तर आवडीने खाते. नेमके याच कारणाने विषारी झाडांबाबत सावध राहावे: कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई आणि शोभेचे म्हणून सर्रास विकले जाणारे डिफेनबेकिया ही झाडे पिंजऱ्यातच काय, त्याला लागूनही नकोत. रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकणासाठी औषध मारलेले असण्याचा संभव मोठा असल्याने ती पाने धुऊन, माती बदलून निदान महिनाभर बाहेर ठेवावी, मगच आत घ्यावी. कुंडीतील माती व खताचे दाणे प्राण्याने गिळू नयेत म्हणून वर त्याच्या तोंडात न मावणारे गोटे पसरावेत. पिंजऱ्याच्या तळाला लाकडाचा भुसा, वाळू वा नारळाचा काथ्या घालू नये. उघडा, पाणी निथळणारा ट्रे पुरेसा असतो.

दिवे दोन प्रकारचे लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. पहिला उबेचा, म्हणजे ज्याखाली बसून प्राणी अंग शेकतो तो. त्याच्या खालच्या फांदीवर नरासाठी सुमारे ३० अंश, मादी व पिल्लांसाठी २७ अंशांच्या आसपास तापमान मिळावे, आणि पिंजऱ्याच्या तळाशी ते २२ ते २५ अंशांपर्यंत उतरावे. दिवा जाळीच्या बाहेर, वर टांगावा, कारण आत ठेवलेल्या दिव्याला बिलगून प्राणी भाजल्याशिवाय राहत नाही. दुसरा दिवा अतिनील-बी किरणांचा, ज्याला बाजारात यूव्हीबी ट्यूब म्हणतात. या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने शरीर कॅल्शियम शोषून घेते. ते न मिळाल्यास हाडे मऊ पडून वाकतात, जबडा रबरासारखा होतो आणि प्राणी हळूहळू पकड गमावतो. पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीची टी-५ प्रकारची ट्यूब वरच्या फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर येईल अशी बसवावी. काच अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, म्हणून खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी. जाळीदेखील त्यांतला बराच भाग कापते. ट्यूब पांढरी उजळत राहिली तरी तिच्यातील अतिनील किरण क्षीण होत जातात, तेव्हा ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षाच्या आत बदलावी. दोन्ही दिवे टायमरवर बारा तास चालावेत आणि रात्री पूर्ण अंधार असावा. ‘रात्रीसाठी’ म्हणून खपवले जाणारे लाल-निळे दिवे ही निव्वळ विक्रेत्यांची सोय आहे.

आता पाणी. शॅमेलिऑन वाटीतले स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंब मात्र तो जिभेने टिपतो. म्हणून दिवे लागण्यापूर्वी पहाटे दोन-तीन मिनिटे आणि दिवे मालवल्यावर पुन्हा तितकाच वेळ बारीक तुषार सोडावेत, तर दुपारी पंधरा-वीस मिनिटे वरून पानावर थेंब थेंब पडेल अशी ठिबक ठेवावी. तळाला सुईने भोक पाडलेली प्लास्टिकची बाटलीही ठिबकीला पुरते. दोन फवारण्यांच्या मध्ये पाने पूर्ण वाळली पाहिजेत. शहराच्या पश्चिमेकडील अनेक वसाहतींत बोअरवेलचे वा टँकरचे जड पाणी येते. त्यातील क्षारांनी तुषारयंत्राची तोंडे बुजतात आणि पानांवर पांढरा थर धरतो, त्यामुळे फवारणीसाठी आरओचे पाणी वापरणे श्रेयस्कर. ट्रेमध्ये साचलेले पाणी रोज काढावे. या शहरात डेंग्यूचा हंगाम दरवर्षी येतो आणि काही दिवस विसरलेला ट्रे डासांना पुरतो. प्राण्याला पाणी पुरते आहे की नाही, हे विष्ठेसोबत येणाऱ्या घट्ट मूत्राच्या रंगावरून कळते: तो पांढरा असावा; पिवळा-नारिंगी दिसू लागला आणि डोळे खोल गेले तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

सर्वांत मोठी कसोटी मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची. या काळात ज्या एका गोष्टीचा विसर पडतो ती अशी, की पिंजरा खोलीपेक्षा आपोआप थंड होऊ शकत नाही. खोलीच ३५ अंशांवर असेल तर तळाशी उतरूनही प्राण्याला ३५ अंशच मिळणार आणि वर सांगितलेली निवड संपुष्टात येणार. खोलीचे तापमान ३० अंशांजवळ आले की उबेचा दिवा बंद करावा, यूव्हीबी ट्यूब मात्र चालू ठेवावी. त्यापुढे खोलीच गार करावी लागते. हवा कोरडी असल्याने या दिवसांत बाष्पीभवनाचा उपाय उत्तम लागू पडतो: वाळ्याच्या ताट्यांनी जुन्या वाड्यांत जे काम केले, तेच कूलर करतो, आणि गारव्यासोबत ओलावाही देतो. मात्र समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर तासाभरात खोली दमट व कोंदट होते. पिंजऱ्याच्या एका बाजूच्या जाळीवर ओले सुती फडके टाकून लांबून लहान पंखा लावल्यानेही त्या कोपऱ्यात जाणवण्याजोगा फरक पडतो. वातानुकूलन यंत्र वापरायचे असेल तर ते २५-२६ अंशांवर ठेवावे आणि त्याने हवा आणखी कोरडी होते म्हणून फवारणीची एक वेळ वाढवावी. रात्रीचा विचार तर आवर्जून करावा: मे महिन्यात शहरातील खोल्या मध्यरात्रीही तापलेल्या असतात, आणि दिवसभर उष्णता सोसलेल्या प्राण्याला रात्रीचा उतार मिळाला नाही तर तो खंगत जातो. म्हणून साधने एकाच वेळी चालवणे परवडत नसेल, तर दुपारइतकेच प्राधान्य रात्रीला द्यावे. गरम रात्री धुके सोडणारे यंत्र चालवू नये, कारण उष्णता आणि दाट ओल एकत्र आली की फुप्फुसांचा संसर्ग बळावतो.

प्राणी तोंड उघडे ठेवून बसला, रंग अगदी फिका पडला, वरची फांदी सोडून दिवसभर तळाशी राहू लागला, तर त्याला उष्णता असह्य झाली आहे. अशा वेळी त्याला थंड खोलीत हलवून साध्या, कोमट पाण्याचे तुषार द्यावेत. बर्फाचे पाणी देऊ नये. वीज गेल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले असावे, आणि निदान एक पंखा इन्व्हर्टरवर असावा. सकाळचे खरे ऊन कोणत्याही ट्यूबपेक्षा सरस असल्याने ते अवश्य द्यावे, पण उन्हाळ्यात आठच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यातून, अर्ध्या भागावर सावली धरून, आणि कोणीतरी जवळ थांबूनच. कावळे व घारी यांची नजर बाल्कनीवर असतेच.

पावसाळ्यात हाच हिशेब उलटतो. कूलर निरुपयोगी होतो, फवारणी एकदाच पुरते, पाने वाळत नाहीत आणि कुंड्यांत बुरशी धरते. तेव्हा पंखा लांब ठेवून हवा खेळती ठेवावी आणि कोपऱ्यांत बुरशीचे ठिपके दिसताच ती फांदी काढून टाकावी. लाल मुंग्या याच दिवसांत घरात शिरतात, आणि झोपलेल्या प्राण्याला त्या जीवघेण्या ठरू शकतात. घडवंचीचे पाय साबणपाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा जुना उपाय येथे खात्रीचा आहे. हिवाळा हा मात्र या शहराने शॅमेलिऑनला दिलेला सर्वांत सुखाचा ऋतू म्हणता येईल: दिवसा दिव्याची ऊब, रात्री नैसर्गिक गारवा. निरोगी प्रौढ प्राणी १५-१६ अंशांची रात्र सहज सोसतो. पारा त्याहून बराच खाली जाईल अशा रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर टाकावी, इतकेच. तापणारे दगड व गाद्या आणू नयेत.

मादी पाळणाऱ्यांनी आणखी एक सोय पहिल्या दिवसापासून करावी. नराशी संबंध न येताही प्रौढ मादी अंडी धरते, आणि खणायला जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात अडकून दगावते. निदान ३० सेंटिमीटर खोलीच्या टबात, खणलेले बीळ ढासळणार नाही इतपत ओलसर वाळू-मातीचे मिश्रण भरून तो तळाशी ठेवावा, आणि ती खणू लागली की पिंजरा झाकून तिला पूर्ण एकांत द्यावा.

खाद्याचा तपशील हा वेगळा विषय असला तरी पिंजऱ्याशी त्याचा संबंध इतका, की न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी काढून घ्यावेत. रात्री ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. विजेच्या सर्व जोडण्या आरसीसीबी बसवलेल्या सॉकेटवर असाव्यात आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तुषाराचे पाणी वायरवरून ओघळत प्लगमध्ये शिरत नाही.

प्राणी आणण्यापूर्वी पिंजरा रिकामाच निदान पंधरा दिवस चालवून पाहावा. तारेच्या टोकाला संवेदक असलेले डिजिटल तापमापक व आर्द्रतामापक वर, मध्ये व तळाशी लावून पहाट, दुपार व मध्यरात्र अशा तिन्ही वेळच्या नोंदी वहीत कराव्यात. चिकटवायचे गोल काट्याचे स्वस्त तापमापक विश्वसनीय नसतात. डिसेंबरात उत्तम चाललेल्या पिंजऱ्याबद्दल मे महिन्यात काहीच सांगता येत नाही, म्हणून ज्यांना घाई नाही त्यांनी ही परीक्षा एप्रिल-मेमध्ये घ्यावी आणि प्राणी पावसाळा ओसरल्यावर आणावा. तो आल्यानंतर पहिले दोन आठवडे हाताळू नये, पिंजऱ्यापुढील वर्दळ कमी ठेवावी, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवून त्याच्याकडून या काळात विष्ठेची तपासणी करून घ्यावी.